मोटारगाडी : दुरुस्तीनंतरचे दोषनिदान

एंजिन उघडून दुरुस्त केलेली मोटारगाडी थोडी चालून बंद पडणे व पुन्हा सुरू न होणे, हा दोष नेहमीच्या झिजेतून उद्भवणाऱ्या दोषांहून वेगळा आहे. झिजेचा परिणाम हळूहळू वाढत जातो. दुरुस्तीनंतरचा दोष मात्र बहुधा जोडणीतील वा समायोजनातील चुकीमुळे एकाएकी प्रकट होतो. त्यामुळे कोणता भाग निकामी झाला असेल, यापेक्षा दुरुस्तीत कोणकोणते भाग काढले, हलविले किंवा सैल केले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. त्याचे उत्तर न शोधता भागामागून भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो व मूळ दोष तसाच राहतो. कित्येकदा सुस्थितीतील एंजिन विनाकारण दुसऱ्यांदा उघडले जाते.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या प्रदेशात या निदानाला विशेष महत्त्व आहे. सोलापूर–धुळे महामार्ग तुळजापूर व धाराशिववरून, तर पुणे–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग व उमरग्यावरून जातो. तथापि, या मार्गांपासून दूर असलेल्या गावांतून बंद पडलेले वाहन ओढून न्यावे लागते. धाराशिव ते सोलापूर हे अंतरच सु. ६५ ते ७० किमी. आहे. उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या पुढे जाते आणि सोलापूरकडून येणाऱ्या वाहनाला तुळजापूरचा घाट चढावा लागतो. सपाट रस्त्यावर लपून राहिलेला दोष अशा चढावर उघड होतो.

मूलतत्त्व : पेट्रोल एंजिन चालण्यास इंधन व हवा यांचे योग्य मिश्रण, पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या तीन गोष्टी आवश्यक असतात. जळालेला वायू बाहेर पडण्याचा मार्गही मोकळा असावा लागतो. यांपैकी नेमके काय नाही, हे साध्या चाचण्यांनी क्रमाने ठरविणे म्हणजेच निदान होय.

प्राथमिक तपासणी : प्रथम तेलाची व पाण्याची पातळी पाहतात. नंतर आरंभक चलित्राने, म्हणजे कारखान्यातील बोलीत ‘सेल्फ’ मारून, एंजिन फिरते का ते पाहतात. ते मुळीच न फिरल्यास बॅटरीची टोके व एंजिनापासून सांगाड्यापर्यंत जाणारी भूयोजनाची पट्टी तपासतात. एंजिन उतरविताना सोडलेली ही पट्टी परत जोडण्याचे राहून जाणे, ही नेहमी आढळणारी चूक आहे. एंजिन नेहमीपेक्षा हलके व एकसुरी फिरल्यास संपीडन नाहीसे झाल्याचा किंवा कॅमदंडाचा पट्टा तुटल्याचा संशय घेतात. ते जड फिरत असल्यास नवे धारवे वा दट्टे यांच्याभोवतीची फट कमी राहिल्याचा संभव असतो. असे एंजिन तापल्यावर आवळते व बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा फिरते. त्यास बळाने फिरविल्यास धारवे कायमचे खराब होतात.

ठिणगी व इंधन : अनेक सिलिंडरांतील ठिणगी गुड्या, म्हणजे प्लग, काढून पाहिल्यास निदानाची दिशा मिळते. गुड्या ओल्या असल्यास इंधन पोहोचत आहे, पण ते पेटत नाही. कोरड्या असल्यास इंधनच येत नाही, असे सामान्यतः समजतात. ठिणगी पाहण्यासाठी जादा गुडी तारेला लावून तिचे धातूचे अंग एंजिनाला टेकवितात. ठिणगी निळसर व जोरकस असावी. ही चाचणी सांडलेल्या पेट्रोलापासून दूर करावी लागते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन असलेल्या गाडीत तार मोकळी ठेवून सेल्फ मारल्यास नियंत्रक निकामी होऊ शकतो.

कार्ब्युरेटरमध्ये प्रवेगक दाबताच पेट्रोलची बारीक धार दिसावी लागते. अंतःक्षेपण प्रणालीत किल्ली फिरविल्यावर पंपाचा आवाज थोडा वेळ ऐकू येतो. दाब मात्र मापकानेच ठरवितात. प्रवेश नळीची नवी जोडपट्टी नीट न बसल्यास किंवा निर्वात नळी निसटलेली राहिल्यास जादा हवा आत शिरते. मग एंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते.

कालजुळणी : कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पहिला दट्ट्या दोनदा वर येतो, पण संपीडनाची धाव त्यांपैकी एकच असते. दुसऱ्या वेळेस वितरक बसविल्यास ठिणगी १८०° ने चुकते व कार्ब्युरेटरमधून उलट भडका येतो. तारांचा क्रमही पाहावा लागतो. प्रीमियर पद्मिनीच्या चार सिलिंडरांच्या एंजिनात तो १–३–४–२, तर मारुती ८०० या १९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या गाडीच्या तीन सिलिंडरांच्या एंजिनात १–३–२ असतो.

कॅमदंडाचा पट्टा एका दात्याने जरी सरकला, तरी झडपा अवेळी उघडतात. कित्येक एंजिनांत अशा वेळी दट्ट्या झडपेवर आदळून ती वाकते. म्हणून जुळणीच्या खुणा पाहिल्याखेरीज वारंवार सेल्फ मारू नये किंवा गाडी धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. उत्प्रेरकी परिवर्तक असलेल्या गाडीत धक्क्याने न जळालेले इंधन परिवर्तकात जाऊन तो तापून खराब होण्याचाही धोका असतो.

संपीडन चाचणी : सर्व गुड्या काढून, प्रज्वलन व इंधनपुरवठा बंद करून आणि प्रवेगक पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. पेट्रोल एंजिनात तो सामान्यतः दर चौ. सेंमी. ला ९ ते १३ किग्रॅ. असतो, निश्चित आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो. सर्वच सिलिंडरांत तो सारखाच कमी असल्यास कालजुळणीचा, शेजारच्या दोन सिलिंडरांतच कमी असल्यास हेडच्या जोडपट्टीचा संशय येतो. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल घातल्यावर दाब वाढल्यास दोष दट्ट्याच्या कड्यांत असतो. न वाढल्यास तो झडपांत किंवा जोडपट्टीत शोधतात.

तापल्यावर बंद पडणे : गार असताना चालणारी गाडी तापल्यावर बंद पडत असल्यास झडपांची फट, प्रज्वलन वेटोळे, धारित्र आणि भुजादंडाचा संवेदक हे भाग तपासतात. फट फार कमी ठेवलेली असल्यास तापलेली झडप लांबून पुरती बसत नाही व संपीडन जाते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत कडक उन्हात इंधन नळीतच वाफ होऊन पुरवठा थांबतो. समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवरील धाराशिवला हवा काहीशी विरळ असते, पण तेवढ्याने गाडी बंद पडत नाही. त्यामुळे उंचीला दोष देणे योग्य ठरत नाही.

डीझेल गाड्या : डीझेल जीप व ट्रॅक्टर यांत ठिणगीचा प्रश्न येत नाही. गाळणी वा इंधन नळी उघडल्यावर आत हवा अडकते व एंजिन बंद पडते. यालाच ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. हातपंप दाबत बुडबुडे संपेपर्यंत हवा बाहेर काढणे, हा त्यावरील उपाय होय.

नव्या गाड्या : एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत संगणकीय नियंत्रकाकडे दोषसंकेतांची नोंद राहते व ती वाचक यंत्राने मिळते. तथापि, संकेत म्हणजे निदान नव्हे. भुजादंडाच्या संवेदकाचा संकेत आल्यास तो बदलण्यापूर्वी त्याचा जोड नीट बसला आहे का, हे पाहावे लागते. काढलेल्या प्रत्येक भागाची, जुळणीच्या खुणांची व ठेवलेल्या फटींची नोंद दुरुस्ती करणाऱ्याने ठेवल्यास बहुतेक दोष एंजिन पुन्हा न उघडता सापडतात. मालक व कारागीर यांच्यातील वादही अशा नोंदीमुळे टळतो.