सांधेदुखी, सिकलसेल आणि एक्सोसोमची सलाईन

बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनी असो की लांजी, सांधे सुजले की घरात पहिल्यांदा नाव निघतं ते वाताचं. मग तेलमालिश, पथ्यपाणी, मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची गोळी, आणि काहीच लागू पडेना की गोंदिया किंवा नागपूर. आता मोबाइलवरच्या जाहिरातींनी या वाटेत ‘एक्सोसोम’ नावाचं नवं आमिष आणून ठेवलं आहे. दुखणाऱ्या माणसाचा पैसा आणि वेळ दोन्ही त्यात जाऊ शकतात, म्हणून ही भानगड मुळापासून समजून घ्यायला हवी.

एक्सोसोम हा बाह्यपेशीय पुटिकांचा एक प्रकार. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी स्वतःच्याच आवरणात गुंडाळलेले अतिसूक्ष्म कण बाहेर सोडत असते. पेशीच्या आत तयार होऊन बाहेर पडणारे एक्सोसोम साधारण 30 ते 150 नॅनोमीटरचे असतात. आवरणाला फुगवटा येऊन सुटणाऱ्या सूक्ष्मपुटिका 1000 नॅनोमीटरपर्यंत जातात, आणि मरणाऱ्या पेशीचे तुकडे त्याहूनही मोठे. 100 नॅनोमीटरच्या पुटिका ओळीने मांडल्या, तर एका तांबड्या पेशीच्या रुंदीत सत्तरेक मावतील.

हे कण म्हणजे पेशींचा कचरा, हा समज खुद्द शास्त्रज्ञांचाही होता. 1967 मध्ये पीटर वुल्फ यांनी रक्तातल्या अशा कणांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं. 1983 मध्ये मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसचे फिलिप स्टाल यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की पक्व होणारी तांबडी पेशी नको झालेली प्रथिनं पुटिकांतून बाहेर टाकते. त्यामुळे कचऱ्याची कल्पना आणखी पक्की झाली. तिला तडा गेला 1996 मध्ये. रोगप्रतिकार यंत्रणेतल्या बी पेशींच्या एक्सोसोमवर प्रतिजनाचे, म्हणजे ही यंत्रणा ओळखते त्या द्रव्याचे, तुकडे मांडलेले असतात आणि ते पाहून त्याच यंत्रणेतल्या टी पेशी जाग्या होतात, असं तेव्हा आढळलं. पुढे 2007 मध्ये स्वीडनमधल्या गटाने पुटिकांतून आरएनए एका पेशीतून दुसरीत जातो हे दाखवलं. पेशी पुटिकांतून नकोसा माल टाकतात हे आजही खरं आहे, पण त्याच पुटिका दुसऱ्या पेशीपर्यंत निरोपही पोचवतात.

पुटिका रोगप्रतिकारक पेशींना जागं करू शकतात, मग ऑटोइम्यून आजार त्यांच्यामुळेच होतात का? इथे घाईने ‘हो’ म्हणणं चूक ठरेल. हे आजार म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेने आपल्याच शरीरावर धरलेला रोख. त्यामागे आनुवंशिकता असते, संप्रेरकं असतात, धूर आणि धूळही असते. बालाघाटच्या जंगलात तेंदूपत्ता तोडला जातो, त्याच पानाची विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात काही प्रथिनांची रचना बदलते. ऱ्हुमॅटॉइड या ऑटोइम्यून संधिवाताच्या तपासणीत ज्यांचं नाव येतं ती अँटी-सीसीपी प्रतिपिंडं अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध असतात. धूम्रपानाने या प्रकारच्या संधिवाताचा धोका वाढतो, हे पक्कं झालेलं आहे. पुटिकांची भूमिका प्रामुख्याने त्यापुढची, दाह पसरवण्याची आणि टिकवण्याची.

ही भूमिका सर्वांत स्पष्ट दिसली ती सांध्यात. 2010 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात बॉस्टनच्या संशोधकांचं काम आलं. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातलं पाणी तपासलं, तर त्यात प्लेटलेटमधून सुटलेल्या पुटिका भरपूर निघाल्या. वयोमानाने झिजलेल्या गुडघ्याच्या पाण्यात त्या तशा नव्हत्या. प्लेटलेट म्हटलं की आपल्याला रक्त गोठणं आठवतं, पण कोलॅजनचा स्पर्श झाला की त्याच प्लेटलेट पुटिका सोडतात आणि त्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशींना दाह वाढवणारी द्रव्यं बनवायला लावतात. उंदरांच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी केल्यावर त्यांचा संधिवात सौम्य झाला. झिजेचा गुडघा आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात यांना एकाच ‘वाता’च्या पोत्यात कोंबणं किती चुकीचं आहे, हे या एका प्रयोगातूनही कळतं.

ल्यूपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजारात गोष्ट वेगळी. मरणाऱ्या पेशींच्या पुटिकांसोबत डीएनए बाहेर येतो आणि एक विकर तो कापून निकालात काढतं. हे विकर बनवणारं जनुक जन्मतःच निकामी असलेल्या मुलांना लहानपणीच ल्यूपस होतो, हे 2011 मध्ये काही अरब कुटुंबांत आढळलं. 2016 मध्ये उंदरांवरच्या कामातून साखळी जुळली: डीएनए वेळेवर साफ झाला नाही, तर शरीर त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. म्हणजे पुटिका निर्माण होणं नव्हे, त्यांच्यावरचा डीएनए तसाच राहणं घातक ठरलं.

सगळ्याच पुटिका आग लावणाऱ्या असतात असंही नाही. 2005 मधल्या एका प्रयोगात, आयएल-10 या दाह शमवणाऱ्या द्रव्यात वाढवलेल्या रोगप्रतिकारक पेशींचे एक्सोसोम उंदरांना दिले, तेव्हा त्यांचा संधिवात दबला. पुटिका कोणत्या पेशीची, ती पेशी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती, आत काय भरलं होतं, यावर सारं ठरतं.

नेमकी हीच गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. ‘एक्सोसोम घ्या, सांधे नवे करा’ असं म्हणणाऱ्याकडच्या बाटलीत नेमक्या कोणत्या पुटिका आहेत, किती आहेत, हे रुग्णाला कळायचा मार्ग नाही. अमेरिकेत डिसेंबर 2019 मध्ये एफडीए या औषध नियामक संस्थेने जाहीर इशारा दिला, कारण नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून विकलेली उत्पादनं घेतलेल्या लोकांना गंभीर त्रास झाला होता. एकाही एक्सोसोम उत्पादनाला आपण मान्यता दिलेली नाही, असंही एफडीएने तेव्हा स्पष्ट केलं. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत मूलपेशींच्या पुटिकांवर चांगलं संशोधन झालं आहे. उंदरांच्या वयस्क रक्तजनक पेशींना तरुण पेशींच्या पुटिकांनी उभारी मिळाल्याचं तिथल्या गटाने 2018 मध्ये मांडलं. प्रयोगशाळेतल्या या कामापासून गावातल्या सलाईनच्या बाटलीपर्यंतचं अंतर अजून फार मोठं आहे.

रक्तातल्या पुटिका मोजून निदान होईल, ही आशा रास्त आहे, पण तीही आज पुरी होत नाही. बालाघाटात घेतलेली रक्ताची नळी गाडीत हिंदकळत नागपूरला पोचेपर्यंत तिच्यातल्या प्लेटलेट स्वतःच नव्या पुटिका सोडतात आणि आकडा बदलतो. शिवाय कोलेस्टेरॉल वाहणारे कण आकाराने एक्सोसोमच्या जवळ जातात आणि संख्येने कितीतरी पट जास्त असतात, त्यामुळे मोजणीत गल्लत होते.

या भागात एक गैरसमज सगळ्यात महागात पडतो, तो सिकलसेलचा. गोंड आणि इतर समाजांत हा आजार आहे. लहान मुलाचे हातपाय सुजतात, तरुणाचा खुबा दुखतो, आणि घरचे त्यालाही वातच म्हणतात. सिकलसेल ऑटोइम्यून नाही, तो आईवडील दोघांकडून येणाऱ्या जनुकांचा आजार आहे. पुटिका मात्र तिथेही आहेत: विळ्याच्या आकाराच्या पेशींपासून सुटलेल्या पुटिका हीम हा हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त घटक वाहून नेतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. त्यामुळे ‘पुटिका वाढल्या म्हणजे ऑटोइम्यून’ हे समीकरण इथेच कोसळतं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झालं. त्यातली प्राथमिक चाचणी रक्ताच्या काही थेंबांवर होते.

सकाळी हात तासभर आखडून राहत असतील, बोटांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील आणि हे सहा आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या लागतात. निदान ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं झालं, तर मेथोट्रेक्सेट हे जुनं, स्वस्त आणि पारखलेलं औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, सोबत फॉलिक अॅसिड, आणि अधूनमधून रक्त व यकृताची तपासणी. रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून कोणत्या वारी घ्यायचं ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावं. गरोदरपणात ते चालत नाही, तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.