बाहुला बोलता करा, पण त्याचा चेहरा बदलू नका
जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीत कारागिरांना काम आहे

समजा, इंदापूर तालुक्यातील कळस येथे सुतारकाम करणाऱ्या एखाद्या बांधवाकडे कोणी जुनी ट्रंक घेऊन आले. आत लाकडी डोक्याचा बाहुला. जबडा अडकलेला, एक डोळा तिरका, कोटाला कसर लागलेली. "आजोबा शाळाशाळांतून याचे कार्यक्रम करीत. हा पुन्हा बोलेल का?" असा प्रश्न. हे काम घ्यावे काय? आमचे मत असे की जरूर घ्यावे. मात्र घेण्यापूर्वी ते समजून घ्यावे.

ओठ न हलवता बोलायचे आणि आवाज बाहुल्याचा वाटावा, या कलेला शब्दभ्रम म्हणतात. महाराष्ट्रात ती घराघरांत पोहोचवली पाध्ये कुटुंबाने. यशवंत पाध्ये यांच्या 'अर्धवटरावा'ने वयाची शंभरी ओलांडली आहे. पुत्र रामदास पाध्ये हे शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. 1967 साली ते रंगमंचावर आले आणि वडिलांचा बाहुला त्यांनी बोलता ठेवला. 1993 च्या 'झपाटलेला' चित्रपटातील तात्या विंचू आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील ससा हेही त्यांच्याच हातचे. अमेरिकेत केंटकी राज्यात तर केवळ अशा बाहुल्यांचे व्हेंट हेवन नावाचे संग्रहालय आहे. यावरून जुन्या बाहुल्याची किंमत त्यातील लाकडावर ठरत नाही, हे ध्यानात यावे.

आतली रचना

बाहुल्याचे डोके पोकळ असते. ते लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे करतात. मानेखाली एक दांडी असते आणि ती पाठीच्या भोकातून हात घालून धरतात. दांडीवर खटके असतात. एक खटका ओढला की दोरीने जबडा खाली येतो, सोडला की स्प्रिंग तो वर नेते. डोळे व भुवया अशाच तारेने किंवा दोरीने फिरतात. सायकलचा ब्रेक ज्याला दुरुस्त करता येतो, त्याला ही रचना समजायला वेळ लागणार नाही.

बिघाडही ठराविक असतात. दोरी कुजते, स्प्रिंग गंजते, जबड्याच्या फटीवरचे चामडे कडक होते. पुष्कळदा जबडा अडकतो तो मागच्या दुरुस्तीतील रंगाच्या जाड थरामुळे.

काम कोणत्या क्रमाने करावे

प्रथम चारही बाजूंनी फोटो काढावेत. कपडे उतरवून, झाकण उघडून आतला फोटो घ्यावा. कोणती दोरी कोठून कोठे जाते, याचे चित्र कागदावर काढावे. हे झाल्याशिवाय एकही गाठ सोडू नये.

दोरीसाठी उजनीच्या काठच्या गावांत मासेमारीच्या सामानात मिळणारी विणलेली दोरी चालते. एकेरी नायलॉन ताणला जातो, म्हणून तो टाळावा. नवी स्प्रिंग जुन्याइतक्याच जोराची असावी. जास्त जोराची बसवली तर खटका ओढताना बोट दुखते आणि बोलण्याचा ठेका चुकतो. जबडा मिटतो तेथे चामड्याचा पातळ तुकडा चिकटवावा, म्हणजे खटखट आवाज प्रेक्षकांपर्यंत जात नाही.

लाकडाचा सांधा सुटला असेल तर जुना सरस वापरावा. तो ऊब आणि ओलावा दिल्यावर सुटतो, म्हणून उद्या दुसऱ्या कारागिराला तो सांधा उघडता येईल. दोन नळ्यांचा पक्का गोंद एकदा बसला की पुढची दुरुस्ती म्हणजे तोडफोड. लाकडात किडा असेल तर डोके रॉकेलमध्ये बुडवू नये, रंग सुटतो. लोकरी कोट पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये 2 आठवडे ठेवला तर कसर मरते.

रंगाचा मोह

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून आपण लांबी भरतो, घासतो आणि चकचकीत ऑइल पेंट मारतो. बाहुला नवा दिसतो, पण तो आजोबांचा बाहुला राहत नाही. गालावरचा उडालेला रंग, भुवईची झिजलेली रेघ, हीच त्याची ओळख. मऊ ब्रशने धूळ काढावी. ओलसर कापूस आधी मानेखाली, न दिसणाऱ्या जागी लावून पाहावा. रंग कापसाला लागला तर तेथेच थांबावे. रंग उडाला असेल तेवढाच ठिपका भरावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. ती धूळ कारागिराच्याच छातीत जाते.

व्यवहार

हे एका हाताचे काम नाही. डोके सुताराचे, फट चांभाराची, कोट शिंप्याचा, हातापायांतील कापूस पिंजारी बांधवाचा. फोमच्या गाद्यांनी पिंजाऱ्याचे काम हिरावले, त्याला येथे थोडे तरी काम मिळते. चौघांनी मिळून एकच अंदाजपत्रक द्यावे. तपासणीची मजुरी वेगळी सांगावी. काय करणार आणि काय करणार नाही, हे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. काढलेली जुनी दोरी व स्प्रिंगही पुडीत बांधून परत करावी. वस्तू आपल्याकडे अमानत आहे.

एवढ्यावर घर चालेल, असे आम्ही म्हणणार नाही. असे बाहुले वर्षातून एखादेच येतील. पण बाहुला जपून दुरुस्त करणाऱ्याकडे लोक जुनी पेटी, घड्याळ, पाळणाही विश्वासाने आणतात. हात राखून काम करणे हेही एक हुन्नर आहे, आणि त्याची मजुरी मागताना संकोच करू नये.