मूल द्वाड नव्हे, चंचल असेल

वसमतहून एक आई मुलाला घेऊन आली. ‘डॉक्टर, याचं चित्त थाऱ्यावर नसतं; वडील रोज मारतात.’ पूर्वी अशा मुलांना मी नुसते टॉनिक देई. ती माझी चूक होती. वयाच्या १२व्या वर्षाआधी सुरू झालेली, घरी व शाळेत दोन्हीकडे ६ महिन्यांहून अधिक टिकलेली चंचलता ‘एडीएचडी’ हा मेंदूच्या वाढीतील विकार असू शकते. मार हा त्यावर उपाय नव्हे. शाळकरी मुलाला ठरल्या वेळी ९ ते १२ तास झोप द्यावी. अभ्यास थोडा थोडा घ्यावा, एका वेळी एकच काम सांगावे, झाल्यावर लगेच शाबासकी द्यावी. एवढ्याने न भागल्यास मानसोपचारतज्ज्ञ मिथाइलफेनिडेट देतात. त्याने भूक मंदावते. म्हणून वजन तपासत राहावे. हे औषध आपल्या मनाने सुरू वा बंद करू नये.