नियती नव्हे, हुकूमनामा!

जालन्याचा मस्तगड 1725 साली निजाम आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने बांधला, हे इतिहास सांगतो. चळवळीतल्या माणसाला मात्र मस्तगड म्हटले की बैठका आणि जयंतीची धावपळ आठवते. अशाच एका बैठकीनंतर एका कार्यकर्त्याची नववीतली मुलगी हातात पुस्तक घेऊन आमच्याजवळ आली. म्हणाली, "काका, यातल्या गावात पोरं बारा वर्षांची झाली की कमिटी ठरवती, कुणी काय काम करायचं. आपल्याकडं तर एवढी पण वाट पाहत नव्हते ना?"

आम्ही निरुत्तर झालो. दोन दिवसांनी पुस्तक मागून घेतले आणि एका बैठकीत वाचून काढले.

'द गिव्हर' ही लोइस लॉरी या अमेरिकन लेखिकेची किशोरांसाठी लिहिलेली विज्ञान कादंबरी. 1993 साली आली, 1994 चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. तिच्यातल्या गावात भूक नाही, भांडण नाही. पण निवडही नाही. बाराव्या वर्षी ज्येष्ठांची समिती प्रत्येकाचे काम जाहीर करते. कुणी म्हाताऱ्यांची सेवा करायची, कुणी मजुरी. त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्न सुचावा अशी आठवणच कुणाकडे शिल्लक ठेवलेली नाही. गावाचा सगळा भूतकाळ एकट्या म्हाताऱ्याकडे सांभाळायला दिलेला असतो. तो जोनास नावाच्या मुलाच्या उघड्या पाठीवर हात ठेवतो आणि त्या स्पर्शातून आठवणी मुलाकडे जातात.

बांधवांनो, इथे आम्ही थांबलो. ज्या समाजात स्पर्श हाच गुन्हा होता, त्या समाजाच्या लेकीला हे पान वाचून काय वाटले असेल? विटाळाच्या नावाखाली आमच्यापासून फक्त पाणवठा तोडला नव्हता. हातातून हातात जाणारे ज्ञानही तोडले होते.

सत्य कळल्यावर जोनास गप्प बसत नाही. 'निरोप' द्यायचा, म्हणजे ठार मारायचे असे ठरलेल्या एका तान्ह्या बाळाला घेऊन तो रात्रीच गाव सोडतो. ते बाळ त्याच्या रक्ताचे नाही. या नात्याला तथागतांनी मैत्री म्हटले आहे.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर या कादंबरीचे मर्म एका वाक्यात सांगता येते: लोक ज्याला नियती म्हणतात तो कुणीतरी काढलेला हुकूम असतो. माणसाने काढलेला हुकूम माणसाला रद्द करता येतो. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा असाच एक हुकूम जाहीरपणे रद्द झाला. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांतही बाबासाहेबांनी कठोरपणे तपासला. गरिबाला 'तुझ्या मागच्या जन्माचे फळ' म्हणून गप्प करण्याची सोय त्यांनी ठेवली नाही.

आणि आजही घरोघरी सकाळ राशिभविष्याने उजाडते! 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाला विद्यापीठाचे दार उघडले. त्याविरुद्ध शास्त्रज्ञ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2004 साली त्यांचे अपील फेटाळले गेले. मग डॉ. जयंत नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह थेट चाचणीच घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांपुढे ठेवल्या. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर किती? सरासरी 46 टक्के! नाणे उडवले असते तरी याहून बरे जमले असते.

याच नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा रुजवली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, कथा पाहून निकाल द्यावा, हा हेतू. पहिले बक्षीस मिळाले. नाव झाकण्याची ही सचोटी आम्ही मानतो. पण आमचीही पोरे नाव झाकतात. आडनाव कळले की घर भाड्याने मिळत नाही, मुलाखतीत चेहरे बदलतात. एकाने नाव झाकले ते मोठेपणाचा फायदा नको म्हणून. आमची झाकतात ती शिक्षा नको म्हणून. ही गोष्ट मराठी विज्ञान कादंबरीत कधी येणार?

ती लिहू शकला असता असा एक मुलगा होता. ज्या निजामाच्या राज्यात आपले आजे-पणजे राबले, त्याच हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला शिकत होता. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे त्याचे स्वप्न होते. वसतिगृहातून काढल्यावर तो आणि त्याचे चार मित्र उघड्यावर एकत्र झोपले. त्या जागेला त्यांनी 'वेलिवाडा', म्हणजे दलित वस्ती, हे नाव दिले. 17 जानेवारी 2016 रोजी आपण त्याला गमावले. आपला जन्म हाच जीवघेणा अपघात होता, असे तो लिहून गेला. नाही रोहित, तो अपघात नव्हता. तोही हुकूमच होता. मैत्रीने तुला साथ दिली, पण कायदा, प्रशासन आणि समाज तुझ्या पाठीशी उभे राहिले नाहीत. हा दोष तुझ्या ताऱ्यांचा नाही, आमचा आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. संविधानाच्या कलम 51-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते भाषणात नको, घरात दिसू द्या. जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाला द्या. त्यात बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी नारळीकर ठेवा, सेगन ठेवा, 'द गिव्हर' ठेवा. कुणाचे मूल एकटे, गप्प दिसले तर त्याच्या पाठीवर हात ठेवा, शिकवण्याआधी ऐका.

आम्ही त्या मुलीला पुस्तक परत केले, सोबत एक कोरी वहीही दिली. तिने विचारले, "यात काय लिहू?" आम्ही म्हणालो, "मस्तगडची पोरं ताऱ्यांवर जातात, तिथं कुणी आडनाव विचारत नाही. तिथून पुढं तू लिही."

जय भीम!