जुन्या आवृत्तीला निरोप केव्हा द्यावा?

मध्यंतरी एक विद्यार्थी तोंड पाडून माझ्याकडे आला. त्याच्या घरी काकांनी दिलेला जुना संगणक. त्यावर विंडोज 7. या विंडोजवर पायथन या संगणक-भाषेची 3.8 पर्यंतचीच आवृत्ती चालते. आणि त्याला प्रयोगासाठी हवी होती ‘नमपाय’ ही गणिती साधनांची पेटी. तिची नवी आवृत्ती 3.8 ला ओळखच देईना. तो म्हणाला, “सर, माझं पायथन तर चालतंय! मग या लोकांनी दार का लावून घेतलं?”

प्रश्न रास्त आहे. वाचकहो, आपणही थोडा त्याचा विचार करू.

नमपाय हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ते कोणीही वाचावे, वापरावे, दुरुस्त करावे. दाम मोजायला नको. त्याची निगा राखणाऱ्यांपैकी अनेकजण पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हे काम करतात. पायथनच्या जितक्या आवृत्त्यांना त्यांनी ‘चालेल’ म्हणून शब्द दिला, तितक्या सगळ्यांवर प्रत्येक बदल तपासावा लागतो. शिवाय भाषेत एखादी नवी सोय आली, तरी यादीतली सर्वांत जुनी आवृत्ती ती जाणत नाही तोवर ती वापरता येत नाही.

माझ्या आजोबांचे किराणा दुकान होते. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि गल्ल्यात आणे व नये पैसे शेजारी नांदू लागले. आण्याचे सव्वासहा नये पैसे! प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन हिशेब. पहिल्याच दिवशी ‘आणे घेणार नाही’ म्हणावे, तर गिऱ्हाईक तुटते. जन्मभर दोन हिशेब ठेवावेत, तर दुकानदार थकतो. सॉफ्टवेअर राखणाऱ्याचा पेच नेमका हाच आहे.

पायथनच्या इतिहासात हा पेच फार मोठा झाला. डिसेंबर 2008 मध्ये तिसरे पायथन आले, आणि दुसऱ्या पायथनसाठी लिहिलेले पुष्कळसे काम त्यात जसेच्या तसे चालेना. मग बदल केलाच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर आपल्या लिपीतच आहे. दुसऱ्या पायथनमध्ये साध्या अवतरणचिन्हांत ‘मराठी’ हा शब्द लिहून त्याची लांबी विचारली, की नेहमीच्या युटीएफ-8 पद्धतीत उत्तर येई 15. कारण ते बाइट मोजत असे. तिसरे पायथन 5 सांगते: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. हा सुधार हवाच होता. पण जुने काम हलवायला लोकांना वेळ लागला. दुसऱ्या पायथनची 2015 ही ठरलेली मुदत 2014 मध्ये वाढवावी लागली, आणि 1 जानेवारी 2020 रोजी त्याला अखेरचा निरोप मिळाला.

या दीर्घ संक्रमणातून काही धडे मिळाले. नमपायच्या मंडळींनी 2017 मध्येच जाहीर केले, की 2018 अखेरपर्यंत दोन्ही पायथन चालतील. 2019 पासून नव्या सोयी फक्त तिसऱ्यासाठी. मात्र दुसऱ्यावर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्तीची डागडुजी 2019 अखेरपर्यंत होईल. म्हणजे एक वर्षाहून अधिक आधी नोटीस! दुसरा धडा ‘आयपायथन’चा. एप्रिल 2017 मध्ये त्याच्या सहाव्या आवृत्तीने दुसरे पायथन सोडले. पण सॉफ्टवेअर बसवून देणारे ‘पिप’ नावाचे साधन ज्यांच्याकडे जुने होते, त्यांना ते न चालणारी नवी आवृत्तीच आणून देई. नऊपासूनच्या पिपला मात्र अट वाचता येते. ते आपल्या पायथनला साजेशी जुनी आवृत्ती शोधून देते.

पुढे 2019 मध्ये नमपायच्या मंडळींनी नियमच लिहून काढला: पायथनची कोणतीही आवृत्ती निघाल्यापासून 42 महिने तिला साथ द्यायची. पायथन 3.8 निघाले ऑक्टोबर 2019 मध्ये. बोटांवर मोजा, एप्रिल 2023 येतो. जून 2023 मध्ये निघालेल्या नमपाय 1.25 ने 3.8 ला सोडले. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यावर आलेली वेळ साडेतीन वर्षे आधी कॅलेंडरवर दिसत होती. दर वेळी ‘अजून किती लोक वापरतात?’ यावर वाद घालत बसण्यापेक्षा हे बरे. ज्याला हलायचे त्याला तारीख कळते, आणि राखणाऱ्यालाही कुठे थांबायचे ते कळते.

पण नियमाची झळ कोणाला लागते, हेही विसरू नये. नवा संगणक घेऊ शकणारा एका संध्याकाळी पुढे जातो. न घेऊ शकणारा मागे राहतो. म्हणून तारखेच्या जोडीला दोन गोष्टी हव्यातच: जुनी चालती आवृत्ती फडताळात तशीच राहिली पाहिजे, आणि ती हाती देणारे साधन शहाणे पाहिजे. मग साथ सुटली तरी हातातले काही हिरावले जात नाही. फक्त नवे मिळायचे थांबते. अर्थात दुरुस्त्याही थांबतात. तेव्हा असा संगणक इंटरनेटला जोडून निर्धास्त राहणे शहाणपणाचे नव्हे.

त्या मुलाचे काय झाले? पिप नवे करून घेतले. त्याने आपणहून नमपाय 1.24 आणून दिले, आणि प्रयोग पुरा झाला. खरा ठपका माझ्यावरच होता. तारखा जाहीर होत्या. वर्षारंभी त्या पाहून मुलांना कोणती आवृत्ती घ्यायची ते सांगणे माझे काम होते. राखणाऱ्याने वेळेवर सांगावे, हे खरे; पण सांगितलेले आपण वाचलेही पाहिजे. आता सत्राच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर आधी तारखा लिहितो.