कीश : भाजीची खरी, पण शाकाहारी नव्हे

घरबसल्या व्यवसाय करू पाहणाऱ्या भगिनींसाठी

वर्ध्याला आलेला पाहुणा परतताना गोरसपाकाचा पुडा सोबत नेतो. तुपातल्या या भाजलेल्या पदार्थाने गावाला नाव मिळवून दिले. त्यामागे दोन साधी कारणे आहेत. एक, तो काही दिवस टिकतो, त्यामुळे प्रवासात चालतो. दुसरे, आपण काय खातो आहोत हे गिऱ्हाइकाला नीट ठाऊक असते. आज ज्या पदार्थाची ओळख करून घ्यायची आहे, त्यात पहिला गुण मुळीच नाही. दुसरा गुण मात्र विकणाऱ्याने स्वतः मिळवायचा आहे. हा पदार्थ म्हणजे फ्रान्समधील कीश. आपल्या गाजराच्या किसाशी त्याचा काही संबंध नाही.

कीश म्हणजे काय?

फ्रान्सच्या ईशान्येला लॉरेन नावाचा प्रांत आहे. तो जर्मनीला लागून असल्याने कीश हे नाव केकसाठी असलेल्या जर्मन शब्दावरून आले असे मानतात. पूर्वी पावाच्या पिठाची पारी लाटून तिच्यात अंडी व साय यांचे मिश्रण ओतीत आणि ती भट्टीत भाजीत. पुढे पावाच्या पिठाऐवजी लोण्याची खुसखुशीत पारी आली. लॉरेनच्या प्रसिद्ध कीशमध्ये डुकराचे मांस असते, म्हणून ती आपल्या कामाची नाही. भाजीच्या कीशमध्ये ते नसते. तरी बाहेरून आणलेल्या मालाची खात्री करून घ्यावी. काही ठिकाणी पारीत डुकराची चरबी घालतात आणि काही चीज जनावराच्या जठरातील रेनेट वापरून बनवितात. घरी लोणी वापरले व पाकिटावर हिरवी खूण असलेले चीज घेतले, म्हणजे दोन्ही शंका मिटतात.

साहित्य व कृती

सुमारे 23 सेंटिमीटर व्यासाच्या पसरट, काठाच्या भांड्यात एक कीश होते. पारीसाठी 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम थंड लोणी, चिमूटभर मीठ व तीन-चार चमचे गार पाणी लागते. आतल्या मिश्रणासाठी 3 अंडी, दूध व साय मिळून 250 मिलिलिटर, 80 ग्रॅम किसलेले चीज, मीठ, मिरपूड व थोडे जायफळ घ्यावे. कच्ची भाजी 350 ग्रॅमपर्यंत असावी. पालक, कांदा, ढोबळी मिरची, कोबी, मटार यांपैकी हंगामात जे स्वस्त असेल ते चालते.

शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसे लोणी मैद्याला बोटांच्या टोकांनी चोळावे. पीठ रवाळ झाले की पाणी शिंपडून गोळा करावा. पोळीच्या कणकेसारखे ते तिंबू नये. तिंबल्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना पारी आकसते. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत दुपारी हे काम करू नये, कारण लोणी हातातच वितळते. फजरनंतरची थंड वेळ त्यासाठी उत्तम.

पारी लाटून भांड्यात बसवावी व काट्याने टोचावी. वर कागद अंथरून त्यात वाटीभर जुने हरभरे पसरावेत आणि 190 अंशांवर 15 मिनिटे भाजावे. मग हरभरे व कागद काढून आणखी आठ-दहा मिनिटे भाजावे. ही पायरी गाळली तर ओले मिश्रण कच्च्या पारीत मुरते आणि तळ गिच्च राहतो. नवशिक्यांच्या बहुतेक कीश इथेच बिघडतात.

दुसरी चूक भाजीची. पालक वाफवून घट्ट पिळावा. बाकीच्या भाज्या परतून त्यांचे पाणी पूर्ण आटवावे व भाजी गार करावी. तळाला चीज, त्यावर भाजी आणि वरून फेटलेले मिश्रण असा क्रम ठेवावा. मग 170 ते 180 अंशांवर 30 ते 35 मिनिटे भाजावे. कडा घट्ट झाल्या आणि मधला भाग खरवसासारखा किंचित हलला, की बाहेर काढावे. अधिक भाजल्यास अंडे फाटते व पाणी सुटते. कापण्यापूर्वी अर्धा तास निवू द्यावे.

ओव्हन नसेल तर?

सणाला नानकटाईचे ट्रे मोहल्ल्यातील बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तीच इथे उपयोगी पडते. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी मंदावते, ती वेळ बेकरीवाल्याशी ठरवून घ्यावी. मिश्रणाने भरलेले भांडे रस्त्याने नेऊ नये. मिश्रण वेगळ्या डब्यात गार ठेवून न्यावे व भट्टीपाशीच ओतावे. पहिल्या दोन-तीन कीश घरच्यांसाठीच कराव्यात, म्हणजे त्या भट्टीची आच समजते.

हिशेब

भाव गावागावांत व दिवसागणिक बदलतात, म्हणून प्रत्येकीने आपला हिशेब आपण मांडावा. उदाहरणादाखल, समजा एका कीशला साहित्याचे 230 रुपये, इंधन वा भट्टीचे 20 व खोक्याचे 20, म्हणजे एकूण 270 रुपये लागले. आठ तुकडे केले व प्रत्येकी 50 रुपयांना विकले, तर 400 रुपये येतात आणि 130 रुपये उरतात. पण दोन तुकडे न विकता राहिले, तर हातात 300 येतात आणि उरतात फक्त 30. दोन तासांच्या मेहनतीची तीच मजुरी. म्हणजे या धंद्यातला नफा शेवटच्या दोन तुकड्यांत आहे.

शिळी कीश खपविण्याचा मोह अजिबात नको. अंडी-दुधाचा हा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात तर एक तासही पुष्कळ झाला. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो, पण वीज गेली की तोही भरवसा उरत नाही. म्हणून दुकानात मांडून विकण्यापेक्षा आदल्या दिवशी ऑर्डर व आगाऊ रक्कम घेऊनच करावी. कच्ची पारी मात्र फ्रीझरमध्ये महिनाभर टिकते. ती आधी करून ठेवली की काम निम्मे होते. सेवाग्राम व सावंगीची वैद्यकीय महाविद्यालये आणि वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय यांमुळे बाहेरगावचे विद्यार्थी व डॉक्टर येथे राहतात. शहरी खाण्याची सवय असलेले हे गिऱ्हाईक आहे. रमजानमध्ये इफ्तारच्या ऑर्डरही मिळू शकतात.

खरी कसोटी

आता मुख्य मुद्दा. ‘भाजीची कीश’ हे नाव ऐकून शाकाहारी माणूस ती बिनधास्त घेईल. पण तिच्यात तीन अंडी आहेत. आपल्या देशाच्या कायद्याने अंडे असलेला पाकीटबंद पदार्थ मांसाहारी गणला जातो. त्यावर हिरवी नव्हे, तर तपकिरी खूण लागते. 2020 च्या लेबल नियमांनी ही खूण चौकोनातील तपकिरी त्रिकोणाची ठरविली. मांसाहारी घटक म्हणून केवळ अंडेच असेल, तर तसे सोबत लिहिण्याची मुभाही दिली आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. शिवाय 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली घरातून विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते.

गांधीजी 1936 पासून सेवाग्रामला राहिले. निर्जीव अंडे आणि दूध यांत तत्त्वतः फरक नाही, अशा अर्थाचे त्यांनी आरोग्यावरील आपल्या पुस्तकात 1942 मध्ये लिहिले आहे. तरीही हा दाखला देऊन गिऱ्हाइकाला पटवीत बसणे आपले काम नव्हे. ज्याला अंडे चालत नाही, त्याला ते नकळत खाऊ घालणे ही फसवणूक आहे. हलाल-हरामची काळजी वाहणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. बाहेर खाताना त्यात काय आहे हे आपण विचारतो आणि खरे उत्तर मिळावे अशी अपेक्षा करतो. शेजारच्या जैन वा वारकरी कुटुंबाचीही तीच अपेक्षा आहे.

म्हणून खोक्यावर ठळक अक्षरांत ‘यात अंडे आहे’ असे लिहावे. फोनवर ऑर्डर घेतानाही ते आधी सांगावे. त्यामुळे काही गिऱ्हाइके परत जातील, जाऊ द्यावीत. जी राहतील ती पुन्हा येतील आणि चार जणांना सांगतील. भांडवल थोडे असलेल्या धंद्याला एवढा आधार पुरतो.