चव जिभेवर, किंमत डोक्यात

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला बीडमध्ये जसाच्या तसा पाळला, तर नाशिकची बेताच्या दरातली शिराझ-कॅबरने बाटली पहिल्याच घोटाला नापास होणार. सल्ला युरोपातल्या थंड घरांतला. तिथे अपेक्षित तापमान १६ ते १८ अंश. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उबदार वाइनमधलं अल्कोहोल भराभर उडून नाकाला झोंबतं आणि फळांचा वास त्याखाली दबतो. फार गार केली तर वास उमलत नाही आणि टॅनिनचा तुरटपणा अंगावर येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून सुपारी चघळल्यासारखी जीभ कोरडी पडते. सोबत येसरची झणझणीत आमटी असेल तर आणखी पंचाईत. मिरचीचा जाळ ओळखणारा चेतातंतूंवरचा ग्राहक अल्कोहोलमुळे अधिक हळवा होतो. मग दोष वाइनचा की मांडणीचा? बाटली दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी, तिखट बाजूला सारावं, मगच निकाल द्यावा.

तरीही ‘स्वस्त ते स्वस्तच’ म्हणणारे उरतात. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. कमी उत्पादन घेतलेली द्राक्षं आणि ओकच्या पिंपातली साठवण यांना खर्च येतो आणि चवीतही फरक पडतो. पण तो फरक जीभ ओळखते की लेबल, हे तपासायला हवं. बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि मेंदूतल्या सुखाची नोंद घेणाऱ्या भागातली हालचालही वाढली. म्हणजे पिणारे खोटं बोलत नव्हते. किंमत त्यांच्या अनुभवातच मिसळली होती.

यावर घरच्या घरी करता येणारा उपाय म्हणजे तीन पेल्यांची चाचणी. दुसऱ्या कुणीतरी दोन पेल्यांत एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी ओतावी, तापमान सारखं ठेवावं. चाखणाऱ्याने फक्त वेगळा पेला ओळखायचा. निव्वळ अंदाजाने तीनात एकदा उत्तर बरोबर येतंच. सहापैकी पाचदा बरोबर आलं, तर ते नशिबाने घडण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी. दारू आरोग्याला घातकच, मग हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नसल्याचं सांगितलं. म्हणूनच व्यावसायिक परीक्षकांप्रमाणे घोट थुंकून टाकावा. चाचणीला तेवढं पुरतं. फरक ओळखता आला आणि आवडला, तर जादा पैसे सार्थकी लागतील. नाही आला, तर ते पैसे लेबलालाच जात होते.